भरल्या ताटाचं पथ्य

दोन तास आणि रक्ताचा एक थेंब

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी असते. २०१६ साली प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान सुरू झालं, तेव्हापासून हा दिवस ठरलेला आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत त्या दिवशी पाड्यापाड्यांवरून बाया निघतात. कुणी बांधावरून चालत डांबरी रस्ता गाठते आणि तिथून मिळेल ती काळी-पिवळी किंवा इको पकडते. बरोबर आशाताई असते, कधी सासू असते, कडेवर आधीचं मूल असतं. वजन होतं, रक्तदाब होतो, हिमोग्लोबिन होतं. मग सिस्टर एका भांड्यात ग्लुकोजची पावडर ओतते, पाणी घालून ढवळते आणि समोर धरते.

७५ ग्रॅम ग्लुकोज, ३०० मिलीलीटर पाणी. हे ५ ते १० मिनिटांत प्यायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. त्यानंतर झाली तर चाचणी तशीच पुढे नेतात. दोन तास बसून राहायचं, मधे काही खायचं नाही. दोन तासांनी बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर त्या बाईला गरोदरपणातला मधुमेह आहे असं धरून पुढची पावलं उचलायची.

ही चाचणी उपाशीपोटीच करावी लागत नाही, आणि तिचा सगळा उपयोग त्यातच आहे. जगात अनेक ठिकाणी याच कामासाठी बाईला रात्रभर उपाशी ठेवतात आणि सकाळी दोन-तीनदा रक्त घेतात. सायवन किंवा उधव्याच्या बाजूच्या पाड्यावरून येणाऱ्या गरोदर बाईला उपाशीपोटी एवढा प्रवास करायला लावणं बरं नाही. ‘आज खाऊन आलीस, उद्या उपाशी ये’ म्हटलं, तर आणखी एका दिवसाची मजुरी बुडते आणि पुष्कळदा ती येतच नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखली. शेवटचं जेवण केव्हा झालं याचा विचार न करता एकदाच करायची चाचणी त्यांनी मांडली. केंद्र सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती स्वीकारली आणि २०१८ च्या सुधारित सूचनांत कायम ठेवली. डॉ. शेषय्या यांचा जन्मदिवस, १० मार्च, आज देशात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

चाचणी दोनदा व्हायला हवी. पहिली, नाव नोंदवायला येईल त्या भेटीत. ती ठीक आली, तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे सहावा-सातवा महिना चालू असताना. पहिलीत आकडा चांगला आला म्हणून दुसरी सोडू नये, कारण साखर चढण्याचं मुख्य कारण तोवर पुरतं जागं झालेलं नसतं.

साखर चढते कशामुळे

ते कारण म्हणजे वार. बाळाला पोसणारी वार स्वतःही संप्रेरकं तयार करते आणि जसजसे महिने भरत जातात तसतसं त्यांचं प्रमाण वाढतं. या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. निसर्गाचा हेतू सरळ आहे: आईच्या रक्तातली साखर थोडी जास्त वेळ रक्तात राहावी, म्हणजे बाळाला ती मिळत राहील. बहुतेक बायांचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून हा भार पेलतं. ज्यांचं स्वादुपिंड तेवढं पुरं पडत नाही, त्यांची साखर चढते.

वारेतून आईची साखर बाळाकडे जाते, पण आईचं इन्शुलिन जात नाही. त्यामुळे आईच्या रक्तात साखर जास्त झाली की बाळाच्या रक्तातही ती जास्त होते आणि ती आवरायला बाळ स्वतःचं इन्शुलिन वाढवतं. डेन्मार्कचे डॉक्टर योर्गेन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हे स्पष्टीकरण दिलं आणि पुढच्या संशोधनाने त्याला बळकटी दिली. इन्शुलिन हे वाढीचंही संप्रेरक आहे. जादा साखर आणि जादा इन्शुलिन यांमुळे बाळाच्या अंगावर, विशेषतः खांद्यांवर आणि पोटावर, चरबी चढते. डोकं बाहेर येतं आणि खांदे अडकतात. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाच्या रक्तातलं इन्शुलिन लगेच उतरत नाही. म्हणून पहिल्या काही तासांत अशा बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. श्वासाचा त्रास आणि कावीळही अशा बाळांत जास्त दिसते. आईचा रक्तदाब वाढण्याची शक्यता वाढते, आणि साखर खूप चढलेली राहिली तर बाळ पोटातच दगावू शकतं.

नऊ देशांतल्या २३ हजारांहून जास्त गरोदर बायांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आईची साखर जसजशी वाढते तसतसा धोका वाढत जातो, एखाद्या ठरावीक आकड्याला तो अचानक सुरू होत नाही, असं त्यातून दिसलं. उपचारांचा उपयोग होतो का, याचं उत्तर त्याआधीच, २००५ साली, ऑस्ट्रेलियातून आलं होतं. तिथे हजार बायांच्या अभ्यासात एका गटाला आहाराचा सल्ला, साखरेची नियमित तपासणी आणि गरज पडल्यास इन्शुलिन दिलं गेलं. बाळाचा मृत्यू, खांदे अडकणं, हाड मोडणं, हाताच्या मज्जातंतूला इजा होणं असे गंभीर प्रकार नेहमीची काळजी मिळालेल्या गटात ४ टक्के होते; उपचार मिळालेल्या गटात ते १ टक्क्यावर आले. उपचारांची सुरुवात ताटापासूनच होती.

काटक शरीराला मधुमेह

पाड्यावर हे सांगायला गेलं की पहिली अडचण विश्वासाची येते. भाताच्या आवणीत दिवसभर वाकून काम करणारी, डोक्यावर लाकडाची मोळी आणणारी, चाळीस-बेचाळीस किलोची वारली किंवा कोकणा बाई: तिला कसला मधुमेह? तो बसून खाणाऱ्यांचा आजार. घरच्यांना असं वाटतं आणि कधी कधी तपासणाऱ्यांनाही. तमिळनाडूत डॉ. शेषय्या यांच्या गटाने २००८ साली मांडलेले आकडे मात्र वेगळं सांगतात. शहरी भागात १७.८ टक्के गरोदर बायांत हा मधुमेह सापडला, निमशहरी भागात १३.८ आणि ग्रामीण भागात ९.९ टक्के. खेड्यात प्रमाण कमी असलं तरी दहा बायांमागे एक ही संख्या लहान नाही.

बारीक शरीरात मधुमेह का होतो, याचा उलगडा करणारं मोठं काम आपल्या महाराष्ट्रातच झालं आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचं, असं हे भारतीय बाळ. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

आईच्या पोटात असताना आणि लहानपणी ज्यांना पुरेसं मिळालं नाही, त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद बेताचीच असते. एरवी ती पुरते. गरोदरपणात वारेच्या संप्रेरकांचा भार पडला की उघडी पडते. म्हणून ज्या भागात कुपोषण पिढ्यान् पिढ्या आहे, त्या भागात बाई बारीक आहे एवढ्यावरून तिची चाचणी टाळणं चुकीचं आहे.

‘कमी खा’ हे सांगू नका

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगायची आहे. मधुमेह म्हटला की सल्ला तयारच असतो: भात बंद, गोड बंद, कमी खा. तो वजन वाढलेल्या शहरी माणसाला समोर ठेवून बेतलेला आहे. डहाणू-तलासरीतल्या बहुतेक बायांच्या बाबतीत तोच सल्ला घातक ठरतो, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे गरोदरपणात जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं, ही समजूत खेड्यापाड्यांत आधीपासून आहे. शेवटच्या महिन्यांत हात आखडता घेऊन खाणाऱ्या बाया सगळीकडे भेटतात. त्यात दवाखान्याने कमी खायला सांगितलं, की घरातल्या समजुतीवर शिक्काच बसतो.

दुसरं कारण शरीराचं आहे. गरोदर बाई फार वेळ उपाशी राहिली की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन वाढतात. तेही वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. आधीच अशक्त असलेल्या आईचं वजन गरोदरपणात वाढलं नाही, तर बाळ कमी वजनाचं जन्मतं. आणि तेच बाळ मोठं झाल्यावर मधुमेहाच्या वाटेला लागण्याची शक्यता वाढते. म्हणजे एका पिढीची साखर उतरवताना पुढच्या पिढीच्या मधुमेहाची पेरणी होते.

म्हणून नियम असा: ताटातून जेवढं काढाल, तेवढ्याच ताकदीचं दुसरं काहीतरी ताटात घाला. अर्धा भात कमी केला, तर त्या जागी डाळ, अंडं, मासळी, शेंगदाणे आलेच पाहिजेत. ते घालायची सोय नसेल, तर भात कमी करायच्या आधी त्या सोयीची चौकशी करा. आशाताईने घरी गेल्यावर बोलायचं ते असं: “काकी, सुनेचा भात बंद करायचा नाही. एका वेळेचा भात दोन वेळेला विभागायचा, आणि सुकट-डाळ आधी तिच्या ताटात वाढायची.” हे सासूला सांगायचं, कारण वाढणारा हात बहुतेक तिचा असतो.

पाड्यावरचं ताट

भात, भाकरी, पोहे, पाव, कंद, फळं, साखर या सगळ्यांतल्या पिष्टाची, म्हणजे कर्बोदकांची, शेवटी साखरच होते. सरकारी सूचनांत हे मोजायला सोपं माप दिलं आहे: १५ ग्रॅम पिष्ट म्हणजे एक वाटा. मोठ्या जेवणात असे दोन ते तीन वाटे आणि मधल्या खाण्यात एक ते दोन. शिजलेला भात मुठीएवढा, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम, घेतला की एक वाटा होतो. मध्यम वाटीभर भात म्हणजे जवळजवळ तीन वाटे. नागलीची एक मध्यम भाकरी अडीच वाट्यांच्या आसपास जाते. म्हणून एका जेवणात एक भाकरी घ्यावी किंवा वाटीभर भात घ्यावा. दोन्ही हवं असेल तर अर्धं-अर्धं.

तीन जेवणांत मिळून साधारण १२० ग्रॅम आणि तीन मधल्या खाण्यांत ६० ग्रॅम पिष्ट गेलं, तर दिवसाची बेरीज १८० होते. गरोदर बाईला दिवसाला निदान १७५ ग्रॅम पिष्ट लागतंच, त्यामुळे याच्या खाली जायचं नाही. हे आकडे अंदाजासाठी आहेत. प्रत्येकीचं ताट तिचं वजन, तिचं काम आणि तिच्या साखरेचा आकडा पाहून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील.

भाताच्या खाचरात पाणी एकदम सोडलं तर बांध फुटतो, तेच पाणी थोडं थोडं सोडलं तर रोप तगतं. साखरेचं तसंच आहे. तोच तांदूळ दोन वेळेला ढीगभर खाल्ला तर साखर उसळते. सहा वेळेला विभागला तर शरीराला झेपतो. रेशनवर अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, आणि ज्या घरात पोट भरायला त्यातला भातच आहे, तिथे वाटून खाणं ही एकही पैसा न लागणारी गोष्ट आहे.

ताटाची दुसरी बाजू या भागात चांगली भरता येते. घरच्या शेतातला उडीद, तूर, चवळी, वाल. डहाणू, चिंचणी, झाई या बंदरांवरून आठवडी बाजारात येणारी सुकी मासळी: जवळा, सुकट, करंदी, बोंबील. मासळीत पिष्ट जवळजवळ नसतंच आणि प्रथिनं भरपूर असतात. मूठभर सुकट भाजून, कांदा-मिरची घालून भाकरीबरोबर खाल्ली, तर भाकरीची साखर रक्तात सावकाश चढते. खारवलेली मासळी दोन पाण्यांतून धुऊन घ्यावी. रक्तदाब जास्त असेल तर ती कमी खावी आणि ताजी मासळी, गावठी अंडी किंवा खेकडे यांवर भर द्यावा. दिवसातून निदान तीनदा तरी ताटात डाळ, अंडं, मासळी किंवा मटण यांतलं काही असावं. डाळीतही थोडं पिष्ट असतं, पण ते हळू पचतं.

रानभाज्यांना यात मोठी जागा आहे. पहिला पाऊस पडला की शेवळी येते. तिच्यातली खाज मारायला आंबट काकडं घालून ती शिजवायची, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. मागोमाग कोळीची भाजी, टाकळा, लोत, कुर्डू. पुण्याच्या त्याच सहा गावांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट २००१ साली पुढे आली: गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः जास्त भरलेली होती. पालेभाजीतला चोथा साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो. म्हणून भाजी आणि डाळ आधी खावी, भात-भाकरी त्यानंतर.

नागलीबद्दल एक खुलासा करायला हवा. नागलीत कॅल्शियम आणि चोथा भरपूर आहे, गरोदर बाईने ती जरूर खावी. पण नागलीतही पिष्ट तांदळाच्या जवळपास जाईल एवढंच आहे. दाट भाकरी चावून खाल्ली तर साखर हळू चढते. तेच पीठ पातळ शिजवून आंबील किंवा पेज करून प्यायलं तर लवकर चढते. सकाळी पेज पिऊनच कामावर जायची सवय असेल, तर ती कमी आणि दाट करावी, तिच्यात ताक घालावं आणि सोबत उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे घ्यावेत. गूळ घालू नये. गूळ, काकवी, मध आणि साखर हे रक्ताला सारखेच.

चिकू, चहा आणि ताडी

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बोर्डी, घोलवड, डहाणू या पट्ट्यात चिकूच्या वाड्या आहेत आणि फळं तोडणं, निवडणं, भरणं या कामांत आदिवासी बाया मोठ्या संख्येने आहेत. कामावर भूक लागली की समोर असतो तो पिकलेला, मऊ पडलेला चिकू. तो विकला जात नाही, म्हणून खायला मोकळा असतो. १०० ग्रॅम चिकूत साधारण २० ग्रॅम पिष्ट असतं. मध्यम आकाराचे तीन चिकू म्हणजे ६० ग्रॅम, एका वेळच्या भातापेक्षा जास्त. चिकू कायमचा सोडायची गरज नाही. एक लहान चिकू, जेवणाबरोबर न खाता मधल्या वेळेला, शेंगदाण्यांच्या जोडीने खावा; साखर आटोक्यात येत नसेल तर काही दिवस बंद ठेवावा. पेरू किंवा जांभळं मिळाली तर ती जास्त बरी. वाडीवर जाताना घरून भाकरी आणि सुकट बांधून नेली, तर चिकूवर पोट भरायची वेळ येत नाही. करांदे आणि रताळी उकडून खाल्ली की ती भाताच्या हिशेबात धरायची.

चहाची गोष्ट लहान वाटते, पण आकडा मोठा आहे. कोऱ्या चहात दोन चमचे साखर, दिवसातून चार वेळा चहा: झाले आठ चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, आणि तीही सगळी झटक्यात रक्तात जाणारी. त्याच्याबरोबर खारी, बटर किंवा पाव आला की सकाळचा आकडा चढलाच. गरोदरपणात सकाळच्या वेळी संप्रेरकांच्या प्रभावामुळे साखर जास्त चढते, म्हणून सकाळचं खाणं सगळ्यात जपून करायचं. पूर्ण दिवसात एकच बदल जमणार असेल, तर तो बिनसाखरेच्या चहाचा करावा. बाटलीतली रंगीत सरबतं आणि शीतपेयं पूर्ण बंद.

ताडी इथल्या घराघरांतली गोष्ट आहे, बायाही पितात. ताडाचा उतरवलेला रस गोड असतो आणि काही तासांत तो आंबून त्यात मद्य तयार होतं. ताजी असली तर साखर, आंबली तर मद्य. गरोदरपणात मद्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही, तेव्हा हे नऊ महिने ताडी नाहीच.

अंगणवाडीतलं जेवण

तारा मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार याच परिसरात रुजला. आज त्या विचारातून आलेल्या अंगणवाडीत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली. त्यात भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, आणि अंडं किंवा केळी असे पदार्थ असतात.

साखर निघाली म्हणून हे जेवण सोडू नये. या भागात मधुमेह असलेल्या गरोदर बाईच्या पथ्याचा तोच कणा ठरू शकतो, कारण डाळ आणि अंडं तिथे हमखास समोर येतं. बदल थोडेच करायचे आहेत. केळ्याऐवजी अंडं घ्यायचं. लाडवाऐवजी भाजलेले शेंगदाणे मिळतील का ते ताईला विचारायचं. नाहीच मिळाले तर लाडू जेवणाबरोबर खायचा नाही. भात आणि चपाती दोन्ही असेल, तर भात डब्यात घेऊन दुपारच्या मधल्या खाण्याला ठेवायचा. अंगणवाडीच्या ताईला कुणाची साखर चढली आहे हे सिस्टरने कळवलं, तर हे सगळं सहज होतं. गरोदरपणातली लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यासोबत चालूच ठेवायची.

चालण्याचा सल्लाही बाई पाहून द्यावा. घरात बसून असणारीने जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून निदान अर्धा तास चालावं; साखर उतरायला त्याने मदत होते. आवणी, विटांचं काम किंवा मोळ्या वाहणं करणारीला वेगळा व्यायाम सांगण्यात अर्थ नाही. तिला कामाआधी खाणं, कामात मधली सुट्टी आणि दुपारी पाठ टेकायला जागा मिळणं जास्त गरजेचं आहे.

पथ्याने भागलं नाही तर

दोन आठवडे पथ्य पाळल्यावर जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासतात. ती १२० च्या खाली असेल, तर पथ्य पुढे चालू. १२० किंवा त्याहून जास्त असेल, तर औषध लागतं: इन्शुलिन, किंवा २० आठवड्यांनंतर मेटफॉर्मिनच्या गोळ्या. इन्शुलिन सुरू होणं म्हणजे आई पथ्यात नापास झाली असं अजिबात नाही. वारेचा जोर काही शरीरांत इतका असतो की नुसत्या ताटाने तो आवरत नाही. आईला टोचलेलं इन्शुलिन बाळाकडे जात नाही, त्यामुळे त्याची भीती बाळगू नये.

पाड्यावर फ्रिज नसतो, म्हणून इन्शुलिन नको असं म्हणायचीही गरज नाही. चालू बाटली घट्ट पिशवीत बांधून पाण्याच्या माठाजवळ सावलीत, किंवा मातीच्या भांड्यात गार ठेवता येते. चुलीजवळ आणि पत्र्याखाली मात्र ठेवू नये. इन्शुलिन घेणाऱ्या बाईने जेवण चुकवायचं नाही. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं, तर साखर खूप उतरली आहे असं समजून तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून लगेच घ्यायची आणि मग काहीतरी खायचं. अशी पुडी कामावर जाताना कमरेला हवीच.

तपासणीबद्दल या भागात एक काळजी घ्यावी लागते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी ही चाचणी शहरात सर्रास करतात. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो आणि रक्तक्षय तर पुष्कळ बायांना असतो. या दोन्हींमुळे त्या चाचणीचा आकडा फसवा येऊ शकतो. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, तेव्हा तर आणखीच. म्हणून ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी आणि जेवणानंतरचा आकडा यांवरच इथे भर द्यावा.

बाळंतपण आणि त्यानंतरचे सहा आठवडे

साखर असलेल्या बाईचं बाळंतपण घरी होऊ नये. बाळाला जन्मल्यावर तासाभरात छातीला लावायचं आणि त्याची साखर तपासायची, म्हणजे ती उतरली तर वेळीच कळते. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा नाही. ते बाळाचं पहिलं औषध आहे. कुठे बाळंत व्हायचं ते आठव्या महिन्यातच ठरवावं: डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालयं, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, किंवा गुंतागुंत असेल तर पुढचं मोठं रुग्णालय. गाडी कोणाची, सोबत कोण, हेही तेव्हाच ठरवून ठेवावं.

वार पडली की साखर बहुतेकींची उतरते, आणि इथेच बहुतेक बाया तपासणीतून निसटतात. आजार गेला असं घरात वाटतं. पण ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला, त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायांपेक्षा सात ते दहा पट असते. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी याच वेळी येते. लशीला आई येतेच, तेव्हा तिच्या चाचणीसाठी वेगळी खेप करायची गरज नाही; सिस्टरने त्याच दिवशी आईची चाचणीही करून घ्यायची एवढंच. पुढे दरवर्षी एकदा, आणि पुन्हा दिवस गेले तर पहिल्याच भेटीत.

डहाणू-तलासरीत यात एक मोठी अडचण आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं जगायला जातात: वीटभट्टीवर, मिठागरात, बांधकामांवर. पावसाळ्यात साखर निघालेली बाई बाळंतपणाच्या वेळी भिवंडीच्या किंवा वापीच्या बाजूला कुठेतरी असते, आणि तिथल्या दवाखान्याला तिची काहीच माहिती नसते. म्हणून साखरेचे आकडे, गोळी किंवा इन्शुलिन, आणि पुढच्या चाचणीची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहावी, आणि निघताना ते कार्ड रेशनकार्ड-आधारकार्डाबरोबर त्याच पिशवीत घालायला सांगावं. कुटुंब कुठे निघालं ते आशाताईने विचारून ठेवावं.

हे सगळं जमवायला महागडं काही लागत नाही. ग्लुकोजची पावडर, रक्त तपासायची एक पट्टी, अंगणवाडीतलं अंडं, बाजारातली पावशेर सुकट, आणि भात विभागून वाढणारी सासू. डहाणू-तलासरीतल्या आईचं पथ्य तिचं ताट भरूनच करायला हवं, आणि ते भरायची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकता येणार नाही.